वजावट : विम्यातील आणि करातील

मुरगूड आणि त्याच्या आसपासची वेदगंगेच्या खोऱ्यातील गावे ऊस, भात, सोयाबीन व भुईमूग ह्या पिकांची आहेत. येथील शेतकऱ्याच्या हाती वर्षभरात जी बिले व पावत्या पडतात, त्यांतील बहुतेकांवर ‘वजा’ हा शब्द कोठे ना कोठे आढळतो. दुधाच्या बिलातून पशुखाद्याची रक्कम वजा होते. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतूक आणि सोसायटीचे कर्ज वजा होते. पीककर्जाच्या खात्यातून पीकविम्याचा हप्ता वजा होतो. घरात कोणी नोकरदार असेल, तर त्याच्या पगारातून आयकर वजा होतो. शब्द एकच असल्यामुळे ह्या सर्व वजावटी एकाच जातीच्या आहेत असा समज होतो, आणि मग विमा व कर ह्या दोन्ही बाबतींत नुकसान सोसावे लागते.

वस्तुतः विम्यातील वजावट आणि करातील वजावट ह्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. विम्यात नुकसानीचा जो पहिला भाग विमेदाराने स्वतः सोसावयाचा असतो त्यास वजावट म्हणतात. म्हणजे ही रक्कम विमेदाराच्या अंगावर राहते. करात उत्पन्नाचा जो भाग हिशेबातून बाजूला काढून उरलेल्यावर कर आकारतात त्यास वजावट म्हणतात. म्हणजे ही रक्कम करदात्याच्या अंगावरून उतरते. विम्यात वजावट जितकी मोठी, तितके विमेदाराच्या हाती कमी येते. करात ती जितकी मोठी, तितके करदात्याच्या हाती अधिक राहते. एवढे ध्यानात ठेवल्यास पुढील विवेचन समजण्यास अडचण पडू नये.

विम्यात वजावट कशासाठी?

एक एकर सोयाबीन पेरलेला शेतकरी कल्पावा. त्याने वेळेवर पीकविम्याचा हप्ता भरला. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला आणि उत्पन्न नेहमीपेक्षा चतुर्थांशाने घटले. विम्याची रक्कम मात्र आली नाही. ‘हप्ता घेतला आणि भरपाई बुडविली’ असा त्याने निष्कर्ष काढला व पुढील वर्षी विमा उतरविला नाही. त्याच वर्षी पीक निम्म्याने बुडाले, तर ज्या विम्याचा खरा उपयोग झाला असता तोच त्याच्याजवळ नसणार. पहिल्या वर्षी त्याची फसवणूक झालीच असे मानण्याचे कारण नाही. त्या वर्षीची घट विम्याच्या उंबरठ्याच्या आत राहिली होती, आणि तो उंबरठा कोठे आहे हे विमा उतरविताना त्याला कोणी सांगितले नव्हते.

असा उंबरठा ठेवण्याची कारणे दोन. लहान लहान नुकसानी जवळजवळ प्रत्येक हंगामात, प्रत्येक गावात होत असतात. त्या प्रत्येकीची पाहणी, नोंद व हिशेब करावयाचा तर भरपाईपेक्षा पाहणीचाच खर्च वाढेल, आणि तो अखेर हप्त्यातूनच वसूल करावा लागेल. दुसरे असे की, पै न् पै भरून मिळणार असेल तर पिकाची राखण करण्यातील कळकळ कमी होण्याचा संभव असतो. काही भार स्वतःवर राहिला म्हणजे काळजी कायम राहते.

हे दुसरे कारण शेतकऱ्यांच्या मनाला लागण्याजोगे आहे; परंतु आपल्या देशातील पीकविम्याचा इतिहास पाहिला असता ते अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ ह्या संकरित कापसासाठी विमा सुरू झाला, आणि पुढे काही राज्यांत व पिकांत तो वाढविण्यात आला. त्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या शेताची भरपाई स्वतंत्रपणे ठरवीत असत. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकऱ्यांनी त्यात भाग घेतला; हप्त्यापोटी ४ लाख ५४ हजार रुपये जमले आणि भरपाईपोटी ३७ लाख ८८ हजार रुपये द्यावे लागले. जमेच्या आठपट खर्च असलेली योजना फार काळ टिकणे शक्य नव्हते.

ह्या प्रश्नाचा विचार पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर ह्यांनी केला. मूळ साताऱ्याच्या ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये असे मांडले की, प्रत्येक शेताची पाहणी करण्याऐवजी सारखे हवामान व सारखी जमीन असलेला एक प्रदेश घटक म्हणून धरावा आणि त्या प्रदेशाच्या सरासरी उत्पन्नात घट आली तर तेथील सर्व विमेदारांस सारख्याच प्रमाणात भरपाई द्यावी. एकट्याने हलगर्जीपणा केला म्हणून प्रदेशाची सरासरी बदलत नाही, त्यामुळे खोट्या दाव्यास वाव राहत नाही. त्यांच्या विचारानुसार १९७९ मध्ये प्रायोगिक पीकविमा योजना सुरू झाली. पुढे १९८५ च्या खरिपापासून सर्वंकष पीकविमा योजना, १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. योजनांची नावे व हप्ते बदलत गेले. प्रदेशाच्या सरासरीचे तत्त्व मात्र कायम राहिले.

उंबरठा उत्पन्नाचा हिशेब

पीकविम्याच्या पत्रकात ‘वजावट’ असा शब्द छापलेला नसतो. तेथे ‘जोखीमस्तर’ व ‘उंबरठा उत्पन्न’ असे शब्द असतात. वजावट दडलेली आहे ती ह्याच दोन शब्दांत. मागील ७ वर्षांपैकी सर्वांत चांगल्या ५ वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात हा स्तर ७० टक्के होता. येणारा आकडा म्हणजे त्या मंडळाचे त्या पिकाचे उंबरठा उत्पन्न होय.

समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. एका महसूल मंडळात सोयाबीनचे दर हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत अनुक्रमे १८.५, २०, १२, २१, १९, १४ व २१.५ क्विंटल आले. त्यांतील १२ व १४ ही दोन वाईट वर्षे वगळली. उरलेल्या पाचांची बेरीज १०० व सरासरी २० क्विंटल. तिचे ७० टक्के म्हणजे १४ क्विंटल हा उंबरठा. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरू. खरीप अन्नधान्ये व गळितधान्ये ह्यांस शेतकऱ्याचा हप्ता अधिकात अधिक २ टक्के असल्याने तो हेक्टरी १,००० रुपये होईल.

आता त्या वर्षी मंडळाचे सरासरी उत्पन्न १५ क्विंटल आले असे समजा. नेहमीच्या २० क्विंटलांपेक्षा ते चतुर्थांशाने कमी आहे. शेतकऱ्याचे नुकसान खरेच झालेले आहे. तरीही १५ हा आकडा १४ च्या वर असल्यामुळे भरपाई शून्य. उत्पन्न ११.२ क्विंटल आले, तर उंबरठ्यापेक्षा २.८ क्विंटल कमी, म्हणजे १४ च्या मानाने २० टक्के घट; भरपाई ५०,००० च्या २० टक्के, म्हणजे हेक्टरी १०,००० रुपये. येथे शेतकऱ्याच्या दृष्टीने एकूण घट ८.८ क्विंटलांची आहे, परंतु पहिले ६ क्विंटल त्याने सोसावयाचे व फक्त उरलेल्या २.८ क्विंटलांवर भरपाई मिळावयाची. उत्पन्न ७ क्विंटलांवर आले तर भरपाई निम्मी, म्हणजे २५,००० रुपये. आणि पीक पूर्णपणे बुडाले तर पूर्ण ५०,००० रुपये. म्हणजे नुकसान जसजसे भारी होत जाते तसतसा स्वतः सोसावयाचा वाटा आकुंचित होत जातो. किरकोळ घट शेतकऱ्याने सोसावी आणि मोठ्या आपत्तीत त्याला उभे राहता यावे, असा ह्या रचनेचा हेतू आहे. एक एकराचा, म्हणजे सुमारे ४० आरांचा हिशेब करावयाचा असल्यास वरील सर्व रकमा ०.४ ने गुणाव्यात. हप्ता ४०० रुपये आणि ११.२ क्विंटलांच्या वर्षी भरपाई ४,००० रुपये, असे उत्तर येईल.

ह्या सूत्रात शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताचे उत्पन्न कोठेच येत नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. नदीकाठच्या एखाद्याचे संपूर्ण पीक पुराखाली कुजले, परंतु मंडळातील माळावरील पिके बरी साधली आणि सरासरी १६ क्विंटल आली, तर त्यास काही मिळणार नाही. उलटपक्षी, ज्याचे पीक उत्तम आले त्यासही मंडळाची सरासरी घसरल्यास भरपाई मिळेल. पूर्वी स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान इत्यादी बाबींत वैयक्तिक पाहणीची तरतूद होती. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात ह्या जादा बाबी वगळून भरपाई केवळ मंडळाच्या उत्पन्नावर ठेवण्यात आली. २०२३ च्या खरिपापासून चालू असलेली एक रुपयात पीकविम्याची सवलतही त्याच वेळी संपली आणि शेतकऱ्याने खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के व नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता भरावा असे ठरले. प्रदेशाच्या सरासरीची पद्धत स्वस्त व निःपक्षपाती आहे खरी. परंतु वेदगंगेसारख्या नदीच्या खोऱ्यात, जेथे एकाच मंडळात मळी आणि माळ दोन्ही येतात, तेथे तिचे वैगुण्य अधिक जाणवते, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून मंडळाचे उत्पन्न ज्या पीककापणी प्रयोगांवरून ठरते, त्या प्रयोगांस मोठे महत्त्व आहे. काही पिकांच्या बाबतीत उपग्रहाच्या साहाय्याने काढलेल्या अंदाजासही त्यात वजन दिले जाते. तथापि शेतात आखलेल्या चौकटीतील पीक कापून, मळून, वजन करून घेतलेला आकडा हाच मुख्य आधार होय. शेताची निवड यादृच्छिक पद्धतीने व्हावयाची असते. सोयीचे, रस्त्यालगतचे किंवा ओळखीचे शेत निवडणे म्हणजे साऱ्या मंडळाच्या हिशेबात खोट आणणे. कापणीच्या दिवशी गावातील दोन-चार शेतकऱ्यांनी तेथे उभे राहून चौकट आखणे व वजन करणे पाहावे.

ह्या ठिकाणी एका मोहाचा उल्लेख करणे इष्ट होईल. उत्पन्न कमी लिहिले गेले तर गावाचे भले होईल अशी भावना कधी कधी आढळते. ती चुकीची तर आहेच, शिवाय तोट्याची आहे. सात वर्षांतील दोन वाईट वर्षे हिशेबातून वगळली जातात. तिसरे वर्ष कृत्रिमरीत्या खाली आणले की ते सरासरीत शिरते आणि उंबरठाच खाली ओढते. वरील उदाहरणात २१.५ क्विंटलांचे वर्ष खोटेच ११.५ असे लिहिले गेले असते, तर चांगल्या पाचांत १४ हा आकडा आला असता; बेरीज ९२.५, सरासरी १८.५ आणि उंबरठा सुमारे १३ क्विंटल झाला असता. त्यानंतर खऱ्या आपत्तीच्या वर्षी त्याच गावास कमी भरपाई मिळाली असती.

कर्जदार शेतकऱ्यांविषयी एक गोष्ट. २०२० च्या खरिपापासून पीकविमा ऐच्छिक आहे. मात्र, अधिसूचित पिकासाठी कर्ज घेतलेल्या ज्या शेतकऱ्यास विमा नको असेल, त्याने अंतिम मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेस तसे लेखी कळवावे लागते. न कळविल्यास हप्ता खात्यातून वजा होतो. ही वजावट म्हणजे विम्याची किंमत. उंबरठ्याशी तिचा संबंध नाही.

ऊस आणि सरकारी मदत

मुरगूडकडे ज्या पिकाखाली मोठे क्षेत्र आहे तो ऊस महाराष्ट्रातील खरीप पीकविम्याच्या अधिसूचित पिकांत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील व २०२१ च्या जुलैमधील महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेला, तेव्हा आपद्‌ग्रस्तांस आधार होता तो मुख्यतः सरकारी मदतीचा. ही मदत म्हणजे विमा नव्हे. तिच्यासाठी हप्ता नसतो. परंतु तिलाही उंबरठा आहे. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

हा उंबरठा पीकविम्याच्या उंबरठ्यासारखा चालत नाही. पीकविम्यात उंबरठ्याच्या खाली जितके जावे तितक्यापुरतीच भरपाई मिळते. किंचित खाली गेल्यास किंचित रक्कम. सरकारी मदतीत मात्र ३३ टक्क्यांची रेषा ओलांडली की हेक्टरी ठरलेला दर, क्षेत्राच्या मर्यादेत, पूर्ण लागू होतो. पहिले ३३ टक्के त्यातून कापले जात नाहीत. ह्याचा परिणाम असा की, पंचनाम्यात ३२ लिहिले गेले तर काहीच नाही आणि ३३ लिहिले गेले तर पूर्ण मदत. पंचनामा करणाऱ्या कार्यकर्त्याच्या लेखणीवर ह्या एका टक्क्याचा केवढा भार असतो हे त्याने ओळखावे. उभे पीक किती, लोळलेले किती, कुजलेले किती, ह्याची मोजणी शेतात उतरून करावी. बांधावरून अंदाज बांधू नये.

वाहन आणि आजारपण

मोटार विम्यात वजावट उघडपणे, रुपयांत लिहिलेली असते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी दुचाकीस १०० रुपये, १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस १,००० रुपये व त्याहून मोठ्या मोटारीस २,००० रुपये, अशी अनिवार्य वजावट प्रचलित आहे. ती प्रत्येक दाव्यामागे लागते. तिच्याशिवाय झिजेची कपात वेगळी. रबर, प्लास्टिक, टायर, ट्यूब व बॅटरी ह्यांच्या किमतीतून ५० टक्के कापतात. एखाद्या नव्या लहान मोटारीच्या दुरुस्तीचे बिल १८,००० रुपये झाले आणि त्यात प्लास्टिकचे भाग ६,००० रुपयांचे असले, तर प्रथम ३,००० व नंतर १,००० वजा होऊन १४,००० रुपये मिळतील. ट्रॅक्टरची कलमे मोटारीहून निराळी असतात. दिवे, मडगार्ड, टायर हे भाग विम्यात धरले आहेत की नाहीत हे त्याच्या पत्रकात पाहून घ्यावे. आपल्या वाहनाने दुसऱ्याला इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्यात अशी वजावट नसते.

दावा न केल्याबद्दल पुढील वर्षीच्या हप्त्यात मिळणारी सूट पहिल्या वर्षी २० टक्के असते व पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा दीड हजाराच्या दुरुस्तीसाठी दावा करून हजाराची वजावट सोसणे आणि वर ही सूटही गमावणे, हा व्यवहार बहुधा आतबट्ट्याचा ठरतो.

आरोग्य विम्यात वजावटीचा आकडा लाखांत असू शकतो, आणि तो ‘प्रत्येक वेळी’ आहे की ‘वर्षाचा मिळून’ आहे ह्यावर सारे अवलंबून असते. ३ लाख रुपये वजावटीचा विमा असताना कुटुंबात एकाच वर्षी दोनदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, पहिल्या वेळी २ लाख व दुसऱ्या वेळी २ लाख ५० हजार खर्च आला, असे समजा. वजावट प्रत्येक वेळची असेल तर दोन्ही खर्च तिच्या आत राहिले, म्हणून काही मिळणार नाही. ती वर्षाची मिळून असेल तर एकूण साडेचार लाखांतून ३ लाख वजा जाता दीड लाख मिळेल. हप्ता कमी आहे एवढ्यावरून विमा स्वस्त ठरविणे धोक्याचे होय.

आयुर्विमा व अपघात विमा ह्यांत असा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे नुकसानीचे मोजमाप नसते. ठरलेल्या घटनेस ठरलेली रक्कम असते. वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूस २ लाख रुपये देते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही अपघाती मृत्यूस २ लाखच मिळतात, व २०२३ पासून ती विमा कंपनीमार्फत न राबविता थेट शासनाकडून राबविली जाते. दोहोंत कोणतीही वजावट नाही.

करातील वजावट

करासंबंधी बोलताना करमुक्त उत्पन्न, वजावट, करातील सूट आणि उगमस्थानी कपात हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते वेगळे केले पाहिजेत. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. ही स्थिती १९६१ च्या कायद्यात होती, आणि १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख ठरविण्यात आली त्या आयकर अधिनियम २०२५ मध्येही ती कायम आहे. हे झाले करमुक्त उत्पन्न. वजावट ही करपात्र उत्पन्नातून होते. नोकरदारास नव्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे ती ह्या जातीची. सूट ही उत्पन्नातून नव्हे, काढलेल्या करातून मिळते. २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नास इतकी सूट आहे की पगारासारख्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. ह्यामुळेच १२ लाख ७५ हजार पगार असलेल्यास कर लागत नाही. ७५ हजारांचे काम वजावट करते व उरलेले सूट करते. उगमस्थानी कपात ही मात्र सवलत नव्हे. ठेवीवरील व्याजातून बँकेने कापलेला कर हा आगाऊ भरलेला कर होय, आणि कर देय नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. विवरणपत्र न भरल्यामुळे असे पैसे सरकारजमा राहतात.

‘कर वाचविण्यासाठी’ म्हणून विमा घेणाऱ्यांनी वजावटीचे खरे मोल जाणावे. २५,००० रुपयांचा आरोग्य विम्याचा हप्ता जुन्या करपद्धतीत वजावटीस पात्र आहे. परंतु ह्याचा अर्थ २५,००० रुपये परत मिळतात असा नाही. ज्यास २० टक्के दर लागतो त्याचे ५,००० रुपये व त्यावरील ४ टक्के उपकर, असे ५,२०० रुपये वाचतात. ५ टक्के दराच्या व्यक्तीचे त्याहून पुष्कळच कमी. नव्या करपद्धतीत ही वजावट मुळीच नाही. विमा गरजेपुरता घ्यावा व कराचा लाभ मिळाल्यास तो वरचा समजावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा होय.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते हिशेबाबाहेर नसते, ही गोष्ट अनेक नोकरदार जमीनमालकांस ठाऊक नसते. इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक आणि निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर कराचा दर ठरविण्यापुरते ते मिळविले जाते. समजा, मुरगूडच्या एका अधिकाऱ्याचे वजावटीनंतरचे पगाराचे उत्पन्न १४ लाख आहे व त्याच्या नावावरील उसाचे निव्वळ उत्पन्न २ लाख. २०२५-२६ च्या नव्या दरांनी १६ लाखांवर कर १,२०,००० रुपये. शेतीचे २ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळून ६ लाखांवर कर १०,००० रुपये. पहिल्यातून दुसरा वजा करता १,१०,००० रुपये देय. शेती नसती तर १४ लाखांवर ९०,००० रुपयेच झाले असते. म्हणजे २०,००० रुपयांचा फरक पडला, उपकर वेगळा.

ह्यासाठी उसाचे ‘निव्वळ’ उत्पन्न बरोबर काढता आले पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. तो कारखान्यावर पोचविलेल्या उसाचा दर असल्याने त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हा उत्पादनाचा खर्चच आहे. मात्र बिलात तो आधीच वजा करून निव्वळ दर दाखविला असेल, तर खर्चाच्या बाजूस तो पुन्हा लिहू नये. सोसायटीच्या कर्जाचे मुद्दल बिलातून कापले गेले म्हणून उत्पन्न कमी झाले असे होत नाही. त्या कर्जातून घेतलेले खत व बियाणे हा खर्च आधीच मोजलेला असतो.

हीच काळजी दुधाच्या बाबतीत अधिक घ्यावी लागते, कारण दुधाचा धंदा शेतीस कितीही जोडून असला तरी आयकराच्या दृष्टीने ते शेतीचे उत्पन्न नाही. तो व्यवसाय आहे. दोन म्हशींच्या घरास ह्याची झळ लागत नाही. पंधरा-वीस जनावरांचा गोठा बांधणाऱ्यास लागू शकते. त्याच्या दूधबिलातून पशुखाद्य, औषधोपचार, म्हशीच्या कर्जाचा हप्ता आणि संस्थेचा भाग अशा रकमा कापून उरलेले पैसे खात्यावर जमा होतात. त्यांतील पशुखाद्य व औषधोपचार हे खर्च उत्पन्नातून वजा करता येतात. कर्जाच्या हप्त्यातील व्याज वजा करता येते, मुद्दल नाही. भाग म्हणजे गुंतवणूक. तीही वजा होत नाही. खात्यावर जमा झालेली रक्कम हेच उत्पन्न असे मानून चालणारा दूध उत्पादक आपला हिशेब चुकवितो, आणि बिलावरील ‘एकूण कपात’ ही बेरीज खर्च म्हणून दाखविणाराही चुकवितो. प्रत्येक बिल आले की त्यातील खाद्य, औषध, व्याज, मुद्दल व भाग हे आकडे पाच निरनिराळ्या रकान्यांत उतरवून ठेवावेत. ज्या बिलावर व्याज व मुद्दल एकत्र छापलेले असेल, त्याची फोड कर्ज देणाऱ्या संस्थेकडून मार्चअखेरच्या आत लेखी मागून घ्यावी.